निळ्या पडद्याचं घर

लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात लैलाच्या आवाजाला पर्यटक टरकून असत. डोंगराकडे निघालेली पोरंपोरी वाट चुकून, बहुतेक वेळा न चुकताच, तिच्या अंगणात शिरत. चूल दिसली की फोटो, सासू दिसली की फोटो, शेळी दिसली तर तिच्या गळ्यात पडून फोटो. लैला आतूनच ओरडे, "ओ दादा, घर हाय ह्ये! जत्रा न्हाई!" आवाज असा, की पर्यटकाच्या आधी शेळीच पळे.

"अगं, उद्या हीच लोकं आपल्या दुकानातनं चिक्की नेतील," नवरा नसीर समजवायचा.

"दुकानात या म्हनावं. माज्या चुलीपाशी कशाला?"

तर अशी ही लैला पन्नाशी उलटल्यावर जपानातल्या एका चिमुकल्या बेटावर आली. लेक फलक तिथं पाहुण्यांना बेट दाखवायचं काम करायची. नोकरी अजून कच्ची होती, पक्की करायची की नाही हे सोमवारी ठरायचं होतं. तोवर एक सुट्टीचा दिवस मोकळा होता. "निवांत फिरू, अम्मी," फलक म्हणाली होती.

बेटावरची तरणी माणसं शहरात गेलेली. त्यांच्या रिकाम्या घरांत कलाकारांनी आपापली कला मांडून ठेवलेली, आणि उरलेल्या घरांत म्हातारी माणसं राहायची. पहिल्याच घरात मिट्ट काळोख होता आणि छतातून एक एक थेंब परातीत पडत होता.

"गळतंय की गं. पत्रा बदलाया सांग कुनाला तरी."

"शूऽऽ! अम्मी, ते गळणंच बघायचं असतं."

दुसऱ्या घरात जुन्या जाळ्यांचा ढीग. लैलानं तो कुणाच्या पायात येऊ नये म्हणून चपलेनं बाजूला सारला, तेव्हा फलकचा चेहरा उतरला. मग लैलानं मनाशी ठरवलं, आता काही विचारायचं नाही. समोर येईल ते कला. हळू चालायचं, चारी बाजूंनी बघायचं आणि मान डोलवायची. लेकीची मान खाली जाता कामा नये.

"मी बोटीचं विचारून येते," फलक म्हणाली. "तू पुढचं घर बघ. दाराला निळा पडदा असेल तिथंच जायचं हं. जोडे बाहेर."

गल्लीत पुढं एका दाराला निळं कापड लटकत होतं. लैलानं जोडे काढले, नीट जोडीनं ठेवले आणि आत गेली.

आत चटईवर एक म्हातारी बसली होती. मांडीवर सूप, सुपात तांबडे घेवड्याचे दाणे. डोळे मिटलेले आणि चिमटीत एक दाणा धरलेला. हलत नव्हती. लैला तिच्याभोवती हळू फिरली. मान डावीकडे कलवून पाहिली, उजवीकडे कलवून पाहिली, एक फोटो काढला. आज पहिल्यांदाच काहीतरी कळलं होतं तिला.

"याला म्हनत्यात कला," ती पुटपुटली. "सुरकुती न् सुरकुती काढलीया." आणि न राहवून तिनं गालाला बोट लावलं.

गाल ऊन होता. म्हातारीनं डोळे उघडले.

लैलाची किंकाळी ऐकून फलक धावत आली. दारात वाळत घातलेला निळा टॉवेल तिनं पाहिला, आणि आत आई.

"मला वाटलं पुतळा हाय गं..."

फलकनं गुडघे टेकले आणि वाकली, वेणी चटईला लागेपर्यंत वाकली. नमाजातल्या सजद्याशिवाय पोरगी इतकी वाकलेली लैलानं कधी पाहिली नव्हती. आणि ही वाकली होती आईपायी.

म्हातारीनं काहीतरी विचारलं. फलकनं खालमानेनं उत्तर दिलं. म्हातारी पुन्हा काही बोलली.

"काय म्हनत्यात?"

"म्हणतायत, पुतळा आवडला का."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. लैलाला ओरडणं समजत होतं.

"बोट लागली की मी पाहुण्यांना पहिली गोष्ट काय सांगते माहितीये?" फलक हळूच म्हणाली. "इथं माणसं राहतात. हेच सांगते. तक्रारीही पाहुणे घरात शिरतात ह्याच्याच येतात." ती उठली. "ऑफिसात सांगून येते. लपवलं तर जास्त वाईट. आजी म्हणतायत, तू बस."

म्हातारीनं सूप मध्ये सरकवलं. लैलानं तो फोटो पुसून टाकला आणि दाणे निवडायला घेतले. मान वर करायची सोयच नव्हती.

थोड्या वेळानं सुपावर सावली पडली. दारात एक दांडगा गोरा पर्यटक उभा होता. जोडे काढलेले, फोन वर धरलेला. तो आधी म्हातारीकडे, मग लैलाकडे मान कलवून बघत होता, डावीकडे, मग उजवीकडे.

लैलाच्या पोटातून ती ओळखीची आरोळी उठली, गळ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. कुठल्या तोंडानं?

ती उठली. दारावरचा टॉवेल काढला, घडी करून काखेत धरला. मग त्या माणसापुढं वाकली. जमेल तशी, गुडघ्यांवर हात ठेवून, कंबर दुखेपर्यंत. वर पाहिलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला होता आणि उलट्या पावलांनी जोडे शोधत होता. त्याचं लाल होणं तिला बघवेना.

फलक आली तेव्हा दोघी निवडत बसल्या होत्या.

"काय म्हनले ऑफिसात?"

"आधी सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, आई कुठल्या गावच्या. सोमवारी बघू म्हणाले."

"मंग? काय सांगितलंस?"

"लोणावळा."

"कुरवंडं न्हाई सांगितलंस?"

"नाही."

"बरं केलंस," लैला म्हणाली. गावात एवढी वर्षं केलेली आरडाओरड तिच्या कानात वाजत होती.

फलकनं तिच्या काखेतला टॉवेल पाहिला. जोडे काढून आत आली, आईला खेटून बसली, आणि सुपातला एक किडका दाणा उचलून तिनं बाजूला टाकला.