कणगीतला कॉम्प्युटर

पाठीवर इरलं, गुडघ्यापर्यंत चिखल, अशी गोजराबाई भातलावणी अर्धी टाकून शाळेच्या ओट्यावर येऊन उभी राहिली आणि हेडमास्तरांना म्हणाली, "गुर्जी, माजी कुसुम हितं शिकाया येतीया का म्हशीसंगं डुंबाया?"

ओट्यावर दहावीचा वर्ग भरला होता. भरला होता म्हणजे पोरं भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की मास्तर भूगोल सांगतायत का गणित, ते पहिल्या रांगेलाही कळत नव्हतं. मागच्या रांगेला तर नुसता मास्तरांचा जबडा हलताना दिसत होता.

"सिलॅपची खोली कुणासाटी बांदली वो?" गोजराबाई ओरडली.

"हळू बोला गोजराबाई, हळू," हेडमास्तर म्हणाले. "आत कॉम्प्युटर आहे."

"निजलाय का?"

पोरं खिदळली. हेडमास्तरांना मात्र हसू आलं नाही, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? पेन्शन तोंडावर आलेली, आणि हे झेंगट गळ्यात.

झालं होतं असं. आमचे सरपंच जयसिंगराव. सरकार काही वाटत असेल तर आधी हात वर करायचा, काय वाटतायत ते मागनं विचारायचं, ही त्यांची रीत. याच रीतीनं त्यांनी मागं एकदा गावात नसबंदीचं शिबिर आणलं होतं. त्या साली पुण्याच्या मीटिंगमध्ये त्यांनी असाच हात वर केला आणि जूनमध्ये जीपमधून कॉम्प्युटर आला. उभ्या कोळवण खोऱ्यात असलं यंत्र कुठल्या शाळेत नव्हतं. जयसिंगराव महिनाभर छाती काढून चालले.

यंत्राबरोबर पुण्याच्या शिक्षण कचेरीतल्या साहेबाची तंबी आली. धूळ लागता कामा नये, ओल लागता कामा नये, आणि बिघाड झाला तर जबाबदारी मुख्याध्यापकांची. आता आमच्याकडं पावसाळ्यात माणसाच्या हाडांनासुद्धा ओल लागते. शाळेच्या चार खोल्यांतल्या तीन कौलारू, आणि तिन्ही गळक्या. स्लॅबची एकच, ती दहावीची. हेडमास्तरांनी दहावी ओट्यावर काढली, कॉम्प्युटर आत ठेवला आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली.

कॉम्प्युटर शिकायला पुण्याला कवायतीचे मास्तर गेले होते, कारण बाकीच्यांच्या घरी लावणी होती. ते चालू करायला आणि बंद करायला शिकून आले. मधलं समदं इंग्रजीत होतं म्हणाले. त्यातही चालू करायची वेळ आलीच नाही. जुलैत तार तुटली की वायरमन गणपती झाल्याबिगर डोंगर चढत नाही.

गोजराबाईचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. तिचा नवरा बहिरू वाईट माणूस नव्हता, पण एकदा बोलला की खुंटा ठोकल्यासारखा. त्यानं चारचौघांत सांगून टाकलं होतं, "पास झाली तर नर्शिंगला धाडीन. नापास झाली तर उरवड्याच्या कारकान्यातला पोरगा मी बगून ठिवलाय." कुसुमला नर्स व्हायचं होतं. पौडच्या दवाखान्यात तिनं एकदा पांढऱ्या कपड्यातली बाई डॉक्टरला दरडावताना पाहिली होती, तेव्हापासून दुसरं काही तिच्या डोळ्यांपुढं येत नव्हतं. आणि कुसुमपेक्षा जास्त ते गोजराबाईला पाहिजे होतं. आपल्या लेकीनं कुणाला तरी दरडावावं, याची तिला फार हौस होती.

ऑगस्टात हेडमास्तरांनी खोली उघडून यंत्रावरचं फडकं काढलं, तर खाली पांढरी बुरशी. ते तसेच धावत चाँदभाईच्या दुकानात आले. सरपंच तिथं चहा पीत बसले होते. गोजराबाई मीठ घ्यायला आली होती.

"मी मेलो," हेडमास्तर म्हणाले. "साहेब माझी पेन्शन खाणार."

"शेगडी लावा खोलीत," सरपंचांनी तोड काढली.

"अन् पेटलं मंजी?" चाँदभाई म्हणाले. "त्यापरीस रोज पुसत जावा."

गोजराबाईनं मिठाची पुडी पदरात बांधली. "यवडं काय त्यात? बियाणं कसं ठिवतो आपुन? कणगीत. खाली तूस, वर निरगुडीचा पाला, आन् तोंड श्यानानं लिपून टाकायचं."

आता यात शहाणपण काही नव्हतं. आमच्यातली प्रत्येक बाई तसंच बी ठेवते. शहाणपण पुढं होतं.

"मग खोलीत आणून ठेवू एक कणगी," हेडमास्तर म्हणाले.

"आन् चूल? खालनं धूर लागाया नगं? शाळंत चूल हाय का? माज्या माळ्यावर ठिवा. पेरणी झाल्यापून कणगी रिकामीच हाय."

"सरकारी मालमत्ता तुमच्या घरी? छे छे!"

"मंग कुजू द्या. पेन्शन तुमची हाय, माजी न्हाई."

हेडमास्तरांनी सरपंचांकडं पाहिलं. सरपंचांनी बशीत पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर घोंगडीत गुंडाळून, वर इरलं धरून गोजराबाईच्या घरी निघाला. कवायतीचे मास्तर पुढं चालत "सावकाश, सावकाश" करत होते. गावात नवरीसुद्धा इतक्या जपून कुणी आणली नसेल. टीव्हीसारखा भाग तुसात बसवला, त्यावर बटणांची पेटी, भोवती निरगुडी, आणि गोजराबाईनं तोंड लिंपून टाकलं. त्याच दुपारी दहावीचा वर्ग स्लॅबखाली गेला. मास्तर काय बोलतात ते पोरांना त्या सालात पहिल्यांदा ऐकू आलं.

दिवाळी झाली, ऊन पडलं. हेडमास्तर कॉम्प्युटर न्यायला आले, तोवर गोजराबाईनं भात झोडून कणगीतल्या मोकळ्या जागेत पुढच्या सालाचं बी भरलं होतं आणि तोंड पुन्हा लिंपलं होतं.

"अहो, हे काय केलंत?"

"कणगी एकच हाय गुर्जी. बी कुटं ठिवू, डोक्यावर?"

बियाण्याची लिंपलेली कणगी पेरणीच्या आधी कुणी फोडत नाही. फोडली तर साल बुडतं, असं आमच्याकडं समजतात. हेडमास्तर बीएड होते, पण शेतकऱ्याच्या पोटचे होते. त्यांनी कणगीला हात न लावता चहा घेतला आणि परत गेले.

साहेब आला संक्रांतीनंतर. जीपमधून उतरल्या उतरल्या विचारलं, "कॉम्प्युटर कुठे आहे?"

स्लॅबच्या खोलीत दहावीची पोरं गणितं सोडवत होती. कवायतीचे मास्तर वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. शेवटी वरात गोजराबाईच्या घरी गेली. धुरानं साहेबाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माळ्यावरच्या शेणानं लिंपलेल्या कणगीकडं पाहून तो म्हणाला, "यात? यात कॉम्प्युटर आहे? फोडा आधी ते!"

गोजराबाई शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. परीक्षा मार्चात. यंत्र आज शाळेत गेलं तर पोरं उद्या ओट्यावर, आणि ओट्यावर आता पाऊस नसला तरी बोचरा वारा होता.

"साहेब, तुमीच फोडा," ती म्हणाली. "माजा हात न्हाई लागायचा. पर माजं साल बुडलं, तर तुमच्या दारात यीन पोराबाळांसंगं. पत्ता तेवडा सांगून जावा."

साहेबानं सरपंचांना खूण केली. जयसिंगरावांनी आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला नाही. मग साहेब ड्रायव्हरकडं वळला.

"म्या न्हाई, साहेब," ड्रायव्हर दोन पावलं मागं सरला. "मुळशीचा हाय मी. आय घरात घ्यायची न्हाई मला."

साहेबानं रुमालानं डोळे पुसले. वरच्या साहेबाला त्यानं कधीच कळवून टाकलं होतं, की सगळी यंत्रं चालू आहेत आणि मुलं लाभ घेताहेत.

"सुरक्षित आहे ना पण?" त्यानं हळूच विचारलं.

"बियान्यावानी."

"ठीक आहे. मग चालू आहे असं धरतो मी."

जूनमध्ये निकाल लागला. शाळेचा असा निकाल कधी लागला नव्हता. कुसुम नुसती पास नाही, पहिल्या वर्गात आली. गोजराबाई वाफ्यात बी पेरत होती. ऐकून तिथंच मातीत बसून रडली, पोटभर रडली, आणि बहिरू शब्दाला जागून उरवड्याला नकार सांगायला चालत गेला.

पुण्याच्या कचेरीत मात्र वेगळाच उजेड पडला. कॉम्प्युटरमुळं ग्रामीण शाळेचा निकाल सुधारला, असं तिथं ठरलं. सत्काराचा दिवस नेमला. पेरणीसाठी कणगी फुटलीच होती. यंत्र टेबलावर आलं. बटणांच्या फटींत भाताचे दाणे अडकलेले, आणि धुराचा वास असा की साहेब जरा लांबच उभा राहिला. कवायतीच्या मास्तरांनी चालू केलं. काळ्या काचेवर हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. टाळ्या पडल्या. पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मास्तरांनी ते बंद केलं. बंद मात्र फार सफाईनं केलं.

साहेब भाषणाला उभा राहिला. "या शाळेनं दाखवून दिलं, की कॉम्प्युटर असला म्हणजे खेड्यातली मुलंही चमकू शकतात. त्याचं बक्षीस म्हणून आम्ही शाळेला दुसरा कॉम्प्युटर देत आहोत!"

सरपंचांचा हात वर गेला. हेडमास्तर खुर्चीत बसल्या बसल्या खचले.

बायांच्या घोळक्यातून गोजराबाई उठली. "साहेब, यंत्र द्या. पर संगं त्याची खोली बी धाडा."

सगळे हसले. साहेब सगळ्यांत जास्त हसला आणि म्हणाला, "नक्की, नक्की."

लावणीच्या ऐन पावसात जीप आली. खोली आली नव्हती, खोकं आलं होतं. ते स्लॅबखाली गेलं, पहिलं यंत्रही त्याच्या शेजारी गेलं, आणि दहावीची पोरं दप्तरं उचलून ओट्यावर आली. गोजराबाईच्या शेजारच्या आक्काबाईचा धाकटा औंदा दहावीत होता. जीप पूल ओलांडून जायच्या आत आक्काबाईनं आपली रिकामी कणगी माळ्यावरनं उतरवली आणि लिंपायला शेण कालवत बसली.