आज सूप नाही

न्यायाचं काम भीतीच्या पायावर उभं राहत नाही, असं व्हर्लीन टगलने आजवर अनेक परिषदांत, मागे निळा पडदा आणि पुढे पाण्याची बाटली असताना, ठामपणे सांगितलं होतं. या क्षणी ती आपल्याच केंद्राच्या दाराशी गुडघे टेकून बसली होती आणि काचेवरचं ‘इथे तुम्ही सुरक्षित आहात’ हे स्टिकर लोण्याच्या सुरीने खरवडत होती. ‘सुरक्षित’ निघालं होतं. बाकीच्या शब्दांना गोंद जास्त होता.

“उरलेलं राहू दे की,” मागे उभा असलेला अँडर्स म्हणाला. “‘इथे तुम्ही आहात’. यावर कुणाचा आक्षेप नसावा.”

“सध्या त्यावरच आक्षेप आहे,” व्हर्लीन म्हणाली आणि तिने सुरी पुन्हा चालवली.

अँडर्स क्विस्ट तिचा सहायक. तिशीचा, उंच, गोरापान. दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलताना त्याचा आवाज आपोआप उतरायचा, आजाऱ्याच्या खोलीत उतरतो तसा. अमेरिकेतल्या त्यांच्या राज्याने कॉलेजांतल्या असल्या केंद्रांवर बंदी घालणारा कायदा केला तेव्हा ‘विविधता व समावेशन केंद्रा’चं ‘विद्यार्थी यश केंद्र’ झालं. खुर्च्या त्याच राहिल्या, माणसं तीच राहिली, कॉफीचं यंत्र तेच गळकं राहिलं. कॉलेजच्या वकिलाने दोघांना समोर बसवून कोणते शब्द तोंडातून काढायचे नाहीत ते समजावलं होतं आणि त्यांच्या बदल्यात एक वाक्य दिलं होतं: ‘हे केंद्र सर्व विद्यार्थ्यांचं स्वागत करतं; अधिक माहितीसाठी संकेतस्थळ पाहावं.’ अडचणीत सापडलात की एवढंच म्हणा, तो म्हणाला होता. व्हर्लीनने ते गाडी चालवताना पाठ केलं होतं.

शेजारच्या कॉलेजातल्या रोझलिंडला ते पाठ नव्हतं. तिच्याकडे एक बाप आला, मुलीविषयी बोलता बोलता रडला. रोझलिंडने त्याला धीर दिला, काय काय करता येईल ते सांगितलं. त्याच्या खिशातलं पेन हे पेन नव्हतं, छुपा कॅमेरा होता. आठवडा संपायच्या आत रोझलिंड आपली कुंडी उचलून गाडीकडे चालली होती. कुंडी व्हर्लीननेच तिला दिलेली होती.

व्हर्लीनकडे कुंडी नव्हती. तिच्याकडे क्लिओटिस होता. नवरा, मूत्रपिंडं गेलेली, दर दोन दिवसांनी यंत्राला जोडला जाणारा. ते यंत्र आणि व्हर्लीनची नोकरी यांच्यामध्ये विम्याचं एक प्लास्टिकचं कार्ड होतं. ते ती दिवसातून अनेकदा पर्समध्ये चाचपायची, अजून आहे ना म्हणून.

“व्हर्लीन.” अँडर्सचा आवाज उतरला. “तो परत आलाय. जिन्यापाशी. सकाळपासून फिरतोय.”

ती वळली नाही. काचेतच तिने पाहिलं. खाकी पँट, पन्नाशी, गळ्यातलं ओळखपत्र उलटं. हातात साबणाच्या वडीएवढी काळी वस्तू होती. ती त्याने भिंतीच्या दिशेने धरली. एक तांबडा ठिपका उमटला. मग त्याने ती छताच्या कोपऱ्याकडे धरली, मग दारांकडे, एकेका दाराकडे.

“चित्रण करतोय,” अँडर्स म्हणाला.

“हळू बोल.”

“गुरुवार बघून आलाय. त्याला सूप माहीत आहे.”

गुरुवारच्या जेवणाचं आधीचं नाव फार लांब होतं. त्यात ‘समता’, ‘संवाद’ आणि ‘वर्तुळ’ हे तिन्ही होते आणि आठ-दहा मुलं यायची, तीही वर्तुळात बसावं लागेल या धास्तीने दाराजवळच्या खुर्च्या धरून. वकिलाने शब्द काढायला लावले, तेव्हा दारावर नुसतं ‘सूप’ उरलं. तेव्हापासून खुर्च्या पुरत नव्हत्या. ते शब्द बोलायला बंदी असल्यामुळे अँडर्सला ‘तू जेवलास का’ आणि ‘रात्री कुठे झोपतोस’ असले साधे प्रश्न विचारावे लागत, आणि मुलं त्यांची उत्तरं देत. हे यश कुठे नोंदवायचं, याची मात्र सोय नव्हती.

अँडर्सने फोन काढला आणि नेहमीच्या सगळ्या मुलांना निरोप धाडला: आज सूप नाही.

सूप होतं. मोठ्या भांड्यात बीन्स आणि हॅम रटरटत होते, शेजारी मक्याच्या पावाचे दोन ट्रे.

तो माणूस आत आला.

“नुसतं बघतोय,” तो म्हणाला. “माझ्याकडे लक्ष देऊ नका.”

आता कुणीही विचारलं असतं, आपण कोण, काम काय. पण या खोलीचा एक नियम होता. आलेल्या माणसाला कोण, कुठला, कशासाठी आलास, हे विचारायचं नाही. आला, त्याला वाढायचं. हा नियम व्हर्लीननेच केला होता, आणि त्यावर तिने एक शोधनिबंधही वाचला होता.

“सूप घेणार?” तिने विचारलं.

“नाही कशाला म्हणू?”

त्याने वस्तू टेबलावर ठेवली, काचेचा डोळा व्हर्लीनकडे करून, आणि खायला बसला. निवांत खाणारा माणूस होता. पाव मोडून सूपमध्ये बुडवायचा.

“बरीच मंडळी येत असतील इथे,” तो म्हणाला.

“नाही हो,” अँडर्स म्हणाला. “फारशी नाही.”

“कोण कोण येतं?”

“कोणी विशेष असं नाही.”

“काही खास कार्यक्रम? बैठका वगैरे?”

“छे,” व्हर्लीन म्हणाली. “इथे काही चालत नाही.”

“म्हणजे खोली रिकामीच असते?”

“बहुतेक वेळा.”

त्याने भांड्याकडे पाहिलं. त्यात फुटबॉलच्या संघाला पुरेल एवढं सूप होतं.

“मग हे दोघांसाठी?”

“आम्हाला आवडतं,” अँडर्स म्हणाला आणि पुरावा म्हणून त्याने आणखी एक वाटी भरून घेतली.

तेवढ्यात दार उघडलं आणि नेइमोन आत आली. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची. मार्शल बेटांवरून येऊन गावच्या कोंबड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या घरांपैकी एका घरातली थोरली मुलगी. तिच्या फोनमधले पैसे संपले होते. निरोप तिला मिळालाच नव्हता. डोळे सुजलेले होते.

“मिस व्हर्लीन, माझी बुबू... आजी गेली.”

“अगं बाई,” व्हर्लीन उठली. “कधी?”

“काल. मिस व्हर्लीन, सगळे येताहेत. हवाईहून मामा येतोय, ओरेगनहून मावश्या. मी थोरली, मला घरी राहावं लागणार. स्वयंपाक, माणसं, चर्च, सगळं होईपर्यंत. पण सोमवारी प्रॅक्टिकल आहे. हॅचर मॅडम म्हणतात, सगळ्यांना आजीसाठी एकच दिवस रजा. नाही आलीस तर वर्ष गेलं. आमच्या बेटांवरच्या जोरेलिकच्या वेळी तुम्ही फोन केला होतात ना? त्याचा मामा गेला तेव्हा? तुम्ही सांगितलं होतंत, आमच्यात कसं असतं ते.”

व्हर्लीनने सांगितलं होतं. तेव्हा ते तिचं कामच होतं. आता ‘आमच्यात’ आणि ‘त्यांच्यात’ हे दोन शब्द वकिलाने सगळ्यात आधी काढून घेतले होते. कुठल्याही एका समाजासाठी वेगळी सवलत मागणं, या एका गोष्टीविरुद्ध तर कायदा होता.

टेबलावरचा काचेचा डोळा तिच्याकडे बघत होता. माणसाने पाव बुडवायचा थांबवला होता.

व्हर्लीनचा हात पर्सकडे गेला, कार्ड चाचपायला. पर्स त्या माणसाच्या खुर्चीमागे लटकत होती.

“हे केंद्र सर्व विद्यार्थ्यांचं स्वागत करतं,” ती म्हणाली. “अधिक माहितीसाठी संकेतस्थळ पाहावं.”

नेइमोनला आधी वाटलं, हे दुसऱ्या कुणाला उद्देशून आहे. तिने मागे वळून पाहिलं. मग तिने दोन्ही भुवया वर उचलल्या.

त्या बेटांवरच्या माणसांची ‘हो’ म्हणायची ती रीत. व्हर्लीनने यावर प्राध्यापकांची कार्यशाळा घेतली होती: मुलं गप्प आहेत म्हणून त्यांना उद्धट समजू नका, भुवयांकडे बघा, ती होकार देत असतात. कशाकशाला होकार देतात, हे कार्यशाळेत आलं नव्हतं.

दार लागलं. अँडर्स भांड्यातलं सूप ढवळत राहिला, गरज नसताना.

“पोरगी जेवली नाही,” तो माणूस म्हणाला.

व्हर्लीन आतल्या केबिनमध्ये गेली. टेबलावरचा जुना फोन उचलला, आकडे चुकले, ठेवला, पुन्हा उचलला. दार लावावं असं तिच्या मनात आलं. पण त्या दाराला कुलूप तर नव्हतंच, कडीही तिनेच काढायला लावलेली होती, विद्यार्थ्यांना दडपण येऊ नये म्हणून.

“हॅचर, मी व्हर्लीन. नेइमोनबद्दल.”

“एक दिवस, व्हर्लीन. सगळ्यांना सारखा नियम. मलाही वकिलाने बसवून शिकवलंय.”

“ऐक. तिची आजी—”

दारात तो माणूस उभा होता. वस्तू हातात. तांबडा ठिपका फायलींच्या कपाटावर उमटला, तिथून घसरत तिच्या बाहीवर आला, खांद्यावर चढला आणि कानाशेजारी भिंतीवर थांबला. फोनची वायर तिने बोटाला इतकी गुंडाळली होती की बोट पांढरं पडलं. तोंडात आयतं वाक्य तयार होतं. सर्व विद्यार्थ्यांचं. तिला क्लिओटिसचा हात दिसला, सुया टोचून टोचून गाठाळलेला, टीव्हीचा रिमोट धरलेला.

“ऐकतेयस ना?” ती म्हणाली. “तिच्या आजीनेच तिला वाढवलं. त्यांच्यात मातीच्या दिवशी संपत नाही ते. समुद्रापलीकडून माणसं येतात, थोरल्या मुलीने घरात असावं लागतं. ती घरी राहिली नाही तर तिला ते घर उरणार नाही. त्यांच्या समाजात असं असतं. समाजात, हॅचर. मी म्हणाले तो शब्द.”

“तुझा आवाज असा का येतोय? कोणी रेकॉर्ड करतंय का?”

“बहुतेक.”

“मग बोलतेयस कशाला, बाई?”

“तिची आजी गेली आहे.”

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

“पुढच्या तुकडीबरोबर देऊ दे परीक्षा,” हॅचर म्हणाली. “आणि तू मला फोन केला नाहीस.”

व्हर्लीनने फोन ठेवला. तो नीट बसला नाही. तिने दुसऱ्यांदा ठेवला. मग ती वळून त्या माणसासमोर उभी राहिली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना, म्हणून तिने ते पोटाशी धरले.

“झालं तुमचं?” तिने विचारलं.

“एकच राहिलं,” तो म्हणाला. “ही भिंत मूळची, की नंतर घातलेली?”

“काय?”

“नाही, पाडता येईल का, म्हणतो.” त्याने वस्तूवरचा फुटांचा आकडा पाहिला, तळहातावर लिहून घेतला आणि ती खिशात टाकली. “सूप झकास होतं हं.”

व्हर्लीनची नोकरी राहिली, विमाही राहिला. तिला आणि अँडर्सला तळघरात पार्किंगचे परवाने देणाऱ्या खिडकीवर बसवण्यात आलं. तिथे सर्व विद्यार्थ्यांचं खरोखरच स्वागत करावं लागतं. हिवाळा सरता सरता नेइमोन खिडकीशी येऊन उभी राहिली. “पास?” व्हर्लीनने विचारलं. नेइमोनने भुवया उचलल्या.

केंद्राची खोली व्हिडिओ गेम खेळणाऱ्या कॉलेजच्या संघाला मिळाली. पत्रकात कारण दिलं होतं: खोली बहुतेक वेळा रिकामी असते, असं तेथील कर्मचाऱ्यांनीच सांगितलं. संघात सहा जण आहेत. मधली भिंत पाडूनही खोली लहान पडते, अशी त्यांची तक्रार आहे.