‘कुठी’ विचारणारा जवाई

बायनाबाईचा जवाई दिसायला देखणा, बोलायला गोड, पण त्याला एक फार वाईट खोड होती. बाईमाणूस टोपली काखेत मारून रानाकडे निघाली, की हा ओसरीवरून मान वर करून विचारायचा, “कुठी चालल्या?”

त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक, की निघालेल्या माणसाला ‘कुठी’ म्हणू नये. फार तर “दूर निघाल्या का?” म्हणावं. समोरच्यानं “येतो जाऊन” म्हणावं, की झालं. कुणी म्हणत, विचारलं की अपशकुन होतो. बायनाबाई अपशकुन मानणाऱ्यातली नव्हती. तिच्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच असली सगळी भुतं त्या घरातून हाकलून दिली होती. पण ‘कुठी’ तीही कुणाला विचारत नसे. पावसाळ्यात कोणत्या वारुळाशी सात्या निघतात, हे ज्या बाईला माहीत ते तिच्या पोटात राहावं, अशी तिथली रीत. सात्या म्हणजे रानातली अळंबी. चामोर्शीच्या बाजारात पानाच्या द्रोणात मांडली, की मटणाला मागे सारते. दोन पावसांच्या मध्ये वारुळाभोवती पांढरी चादर अंथरल्यासारखी उगवते आणि दोन दिवसांत कुजून जाते. जिला जागा ठाऊक, तिचाच सण.

“जवाईबापू,” बायनाबाई उन्हाळ्यात एकदा म्हणाली होती, “चंद्रपूरच्या कालेजात इतकं शिकले, पन हे एवढं कोनी शिकवलं नाई तुमाले? जानाऱ्याले कुठी विचारत नाईत.”

अश्वजित हसला होता. “मामीजी, मी नाई विचारलं तरी मोबाईल विचारतेच.”

तिला वाटलं, पोरगा थट्टा करून राह्यला.

अश्वजित एका कंपनीत लागला होता. काम काय, तर गावोगावच्या बायांच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकायचं. बायांनी रानात जायचं, पाला, फूल, फळ, सात्या, जे तोडतील त्याचा फोटो काढायचा. म्हणे त्यावरून कॉम्प्युटर झाडं ओळखायला शिकतो. बदल्यात महिन्याचा रिचार्ज फुकट. उन्हाळ्यात त्यानं सासूच्याच अंगणात बाया बोलावल्या. मोबाईलवर काहीबाही लिहिलेलं येई, खाली दोन चौकोन. अश्वजित म्हणे, “‘हो’वर बोट ठेवा.” बायनाबाईचा जवाई सांगतो म्हणून सगळ्यांनी ठेवलं. सुकरीला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं अश्वजितकडे पाहिलंच नाही, बायनाबाईच्या तोंडाकडे पाहिलं. बायनाबाईनं मान हलवली, तेव्हा सुकरीनं बोट ठेवलं.

सुकरी गोंडटोल्यावरची, गावाकडेच्या गोंडांच्या वस्तीतली. बायनाबाईचा नवरा गेला त्या पावसाळ्यात हीच तिला हाताला धरून नाल्यापलीकडच्या मोठ्या वारुळाशी घेऊन गेली होती. “घे,” म्हणाली होती, “आजपासून हे दोघींचं.” पोटच्या पोरीलाही दोघींनी ती जागा दाखवली नव्हती.

आणि ह्या श्रावणात ते वारूळ कुणीतरी कुदळीनं फोडलं. नुसत्या सात्या नेल्या असत्या तर पुढच्या साली आल्या असत्या. पण ज्यानं नेल्या त्यानं माती उलथून, आतली वाळवीची घरं मोडून, खड्डा करून ठेवला. पोळ्याआधी तीच गत आणखी चार बायांच्या जागांची झाली. मग गावात जे व्हायचं ते झालं. ही तिच्यावर, ती हिच्यावर. विहिरीवर बाया एकमेकींकडे पाठ करून पाणी भरू लागल्या. आणि रानात जायची बायांची लांबच लांब रांग मोडली.

खरा घोर तोच होता. त्या रानात वाघ होता. गेल्या साली पलीकडच्या गावची एक बाई एकटी सरपणाला गेली, तिची मोळी तेवढी घरी आली. तेव्हापासून बाया वीस-पंचवीसच्या टोळीनं जायच्या, हाका देत, शिव्या देत, हसत. आता प्रत्येक बाई आपली वाट चोरून एकटी निघत होती.

त्या दिवशी सकाळी बायनाबाईनं पाहिलं, सुकरी एकटीच बांध ओलांडून चालली. तिनं हातातला भाकरीचा गोळा परातीत टाकला, चुलीवरचा तवा उतरवला, जर्मनचा डबा आणि पळी उचलली आणि मागे निघाली. डब्यावर पळी बडवत.

सुकरी झुडपातून ओरडली, “माह्या मांगं नोको येऊ!”

“तुह्या मांगं कोन येते? मी वाघाच्या मांगं चालली.”

“बजवू नोको ते!”

“बजवीन. तुले माह्याशी बोलाचं नाई, नोको बोलू. तुले वाघानं नेलं तं तुह्या पोराले तोंड कोन दाखवन?”

“तोंड!” सुकरी गर्रकन फिरली. “तोंडाची गोष्ट तू करत वं बायना? ते वारूळ दोघीले ठावं होतं. मी कोनाले सांगतलं नाई. राह्यलं कोन?”

बायनाबाईनं आयुष्यात उलटं उत्तर न दिलेला माणूस त्या मुलखात नव्हता. पण हिशेब सुकरीचाच बरोबर होता आणि तरीही बायनाबाईनं जागा कुणाला सांगितली नव्हती. तिनं पळी पुन्हा डब्यावर आपटली.

तेवढ्यात डब्याच्या आवाजानं लटारू गुराखी धावत आला. “काय झालं बाई? वाघ दिसला का?”

“दोन वाघिनी दिसून राह्यल्या तुले, तिसरा कायले पाह्यजे?” बायनाबाई म्हणाली. “लटारू भाऊ, तू दिवसभर इथीच असतं. नाल्यापलीकडचं वारूळ फोडनारे पाह्यले का तू?”

“पाह्यले ना. पिकअप घेऊन आल्ते. बाहेरचे पोट्टे. मले वाटलं फारेस्टचे असन.”

“रस्ता कोनी दाखवला त्याह्यले?”

लटारूनं डोकं खाजवलं. “तेच तं नवल. कोनी सोबत नव्हतं. आपन सात्या पाहाले जाऊन तं जमिनीकडे पाह्यतो का नाई? ते तळहाताकडे पाहून राह्यले होते. मोबाईल धरून नाकासमोर सरळ गेले. काट्यात शिरले, पन सरळ गेले.”

बायनाबाईच्या कानात उन्हाळ्यातली ती थट्टा खणकन वाजली. मोबाईल विचारतेच.

“सुकरे, चाल,” ती म्हणाली.

“मी नाई येत.”

“माह्यावर भरोसा नोको ठेवू. तुह्या कानावर ठेव. माह्या घरात पाहुना हाये, त्याच्या तोंडून आयक आन् मंग माह्या तोंडावर थुंकाचं असन तं थुंक.”

सुकरी आली, पण चार हात अंतर ठेवून.

अश्वजित जेवायला बसला होता. बायनाबाईची लेक संघप्रिया वाढत होती. सासू दारात उभी राहिली तशी दोघांनी वर पाहिलं.

“जवाईबापू, जेवा सावकाश. फक्त एक दाखवा. आमच्या बायाह्यचे फोटो जाते ते कुठी जाते?”

आज पहिल्यांदा तिनं कुणाला ‘कुठी’ विचारलं होतं. अश्वजितला ते कळलं नाही. त्याला आनंदच झाला, सासूनं कामाची चौकशी केली म्हणून. डाव्या हातानं त्यानं मोबाईल उघडला. हिरवा नकाशा, त्यावर लाल ठिपके. नाला ओळखू आला, बोडी, म्हणजे गावचं तळं, ओळखू आली. नाल्यापलीकडे, पावसाच्या सुरुवातीला दोघींनी सात्यांचे फोटो काढले होते तिथं, ठिपक्यांचा पुंजकाच होता.

“हे काय हाये?”

“जितक्या वेळा फोटो काढला तितके ठिपके. फोटोसोबत जागा आपोआप जाते. कंपनी हे सगळं पार्ट्याह्यले देते. रानमेवा खरेदी करनारे, दवाईवाले... डेटा म्हनते त्याले.”

“आन् हा?” एक बारीक निळी रेघ सुकरीच्या टोल्यातून निघून रानात शिरत होती.

“चालन्याचा रस्ता. घरून कवा निघाल्या, कवा परतल्या. पन नाव नाई राहत मामीजी, कोनाचंच नाव नाई. फक्त नंबर.”

सुकरी दारातून पहिल्यांदा बोलली. “माह्या दारातून रेघ निघते, आन् माह्यं नाव नाई म्हनते हा?”

अश्वजितचा घास हातातच राहिला. “पन मावशी, सगळ्याह्यनं हो म्हनलं होतं. मी जबरदस्ती नाई केली.”

“कायले हो म्हनलं ते सांगतलं होतं तुमी?” संघप्रियानं विचारलं.

“तिथी लिहून होतं.”

“त्या मावशीले वाचता येते का?”

त्यानं मोबाईल पालथा ठेवला. वारूळ फुटल्याचं त्यानंही ऐकलं होतं, पण जोडलं नव्हतं. आता त्याचा चेहरा उतरत गेला, तसं बायनाबाईला दिसलं की हा चोर नाही. पण तेवढ्यानं तिचा राग निवला नाही. चोराला निदान माहीत असतं आपण काय उचललं.

“फोन लावा तुमच्या साहेबाले. आवाज मोठा करा.”

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. गोड आवाजात म्हणाले, ॲप काढून टाका, काही हरकत नाही. पण जे गेलं ते गेलं. ते पुसता येत नाही, पुढच्यांच्या हाती पोचलं. आणि परवानगी तर सगळ्यांची आहेच.

फोन बंद झाला. सुकरी खाली पाहत होती. मग पदरानं नाक पुसून ती गोंडीत काहीतरी पुटपुटली आणि मराठीत म्हणाली, “मी तुह्यावर आळ घेतला, बायना.”

“घेतला तं घेतला. मीच मान हलवली होती. आता इथी बस, उठू नोको.” बायनाबाई जवायाकडे वळली. त्यानं ताट बाजूला सारलं होतं. “तुमी जेवन काऊन सोडलं? जेवा. ताकद लागन. आमच्यासारखी अजून किती गावं केली तुमी?”

“कोरपन्याकडची हायेत काही... मोहर्लीच्या बाजूची... इथली आसपासची.”

“तिथल्याही बाया आता एकमेकीले चोर म्हनून एकट्या रानात जात असन.”

“मामीजी, मी नोकरी सोडतो. उद्याच.”

“नोकरी सोडून घरी झोपाल, बाकीच्याह्यचं काय?” बायनाबाई त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि सुकरीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, “आयका, जवाईबापू. आज सांजेले आमच्या बाया जमवतो, तिथी तुमी उभं राहून हा नकाशा दाखवाल आन् सांगाल, वारूळ कोन्या बाईनं नाई, माह्या मोबाईलनं दाखवलं. उद्यापासून जिथी जिथी बोटं ठेवून घेतली, त्या एकाएका गावात जाऊन हेच सांगाल आन् ग्रामसभेत लिहून द्याल. सुकरी आन् मी तुमच्या सोबत येतो, तुमी कुठी अर्धं बोलले तं बाकीचं मी बोलन. शेवटलं गाव होईपर्यंत तुमची बायको माह्या घरी राह्यते. शिव्या पडन, आयकून घ्या. मान खाली घालून परत आले, तं जवाई म्हनून ताट वाढीन.”