एकतीस मुलींचं गृहशास्त्र

रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर यादी लागली होती आणि सिगने हाल्वोर्सनला तिच्यात आपलं नाव काही सापडेना. रसायनशास्त्र, चौथं वर्ष. अकरा मुलगे होते, अगदी तीनदा नापास झालेला तो लठ्ठ्या फिलिप्ससुद्धा होता, पण ती नव्हती.

"अगं, ही बघ, इकडे आहेस तू," तिच्या खोलीत राहणारी कोरा पिकेट पलीकडच्या कागदापाशी उभी राहून म्हणाली. "गृहशास्त्रात. आणि हे काय? मी पण!"

कोरा वनस्पतिशास्त्राची. चार वर्षं तिनं गवत गोळा करून वाळवण्यात घालवली होती, साधा ओव्हन पेटवायची तिला भीती वाटायची. दोघींनी मिळून नावं मोजली तर एकतीस भरली. गृहशास्त्राच्या मिस ओटिसबाईंच्या वर्गात मुली सात, हे विद्यापीठातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

"अय्या, कमिटी येतेय ना शुक्रवारी!" कोरा हसली.

हे प्रकरण जुनंच होतं. दर दोन वर्षांनी राजधानीतून आमदारांची कमिटी विद्यापीठ बघायला यायची आणि बघून पैसे मंजूर करायची. मग काय, त्या दिवशी सगळे विभाग एकमेकांकडून पोरं उसनी घ्यायचे. इतिहासवाले लेथवर उभे राहायचे, लॅटिनवाले गोठ्यात वासरांच्या पाठीवरून हात फिरवायचे, आणि पाहुणे गेले की जो तो आपापल्या वर्गात. सिगनेनंही दुसऱ्या वर्षी विणकामाच्या मागाशेजारी तासभर उभं राहून दाखवलं होतं, खोटं कशाला बोला. पण तेव्हा उभं राहण्यापुरतंच होतं. यंदा कमिटीनं हुशारी करून याद्या आधीच मागवल्या, आणि विद्यापीठाच्या प्रेसिडेंट ग्रॅन्जरसाहेबांनी त्याहून मोठी हुशारी करून नावंच हलवली. हीच यादी सोमवारी वार्षिक पुस्तकासाठी छापखान्यात जायची होती. आणि जूनमध्ये पदवी मिळायची ती त्या पुस्तकात नाव असेल त्या विषयाची.

सिगनेच्या ट्रंकेत बीटसाखरेच्या कारखान्याचं पत्र होतं. जुलैपासून प्रयोगशाळेत नोकरी, अट एकच, पदवी रसायनशास्त्राची हवी. साखर कारखान्यात बिस्किटं भाजायला कुणी माणूस ठेवत नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ती बर्फातून तरातरा चालत रसायनशास्त्राच्या इमारतीत गेली.

विभागप्रमुख प्रोफेसर ट्रेडवेल चष्मा पुसत होते.

"अगं, कागदावरची गोष्ट ती," ते म्हणाले. "गृहशास्त्राला मुली दिसल्या की नवी इमारत मिळते. इमारत मिळाली की त्यांच्या खालच्या दोन खोल्या आपल्याला. सगळ्यांचंच भलं आहे."

"सर, तुम्ही सही केलीत?"

"मी चार मुली दिल्या. प्रत्येक विभागानं दिल्या."

दिल्या! घरातली खुर्ची शेजाऱ्याला द्यावी तसं बोलला तो माणूस. याच माणसाच्या मातीच्या बेचाळीस नमुन्यांतला नायट्रोजन तिनं मोजून दिला होता, ॲसिडनं बोटं पिवळी होईपर्यंत.

"माझी नोकरी जाईल, सर."

"नोकरी!" ते मायेनं हसले, आणि ते मायेचं हसूच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. "दोन वर्षांत तुझं लग्न होईल, सिगने. तेव्हा हीच पदवी उपयोगाला येईल बघ. शुक्रवारी पांढरा ॲप्रन घालून ये. आणि त्या दिवशी जरा हसरा चेहरा ठेव."

कोराला तिनं हे सांगितलं तेव्हा कोरा म्हणाली, "जाऊ दे ना गं. आपलं कोण ऐकतंय?"

"म्हणूनच तर त्यांचं फावतं!" सिगने ओरडली. "आपण मूग गिळून बसतो म्हणून!"

शुक्रवारी दुपारी वाचनालयाच्या मोठ्या हॉलमध्ये जेवण मांडलं. नऊ आमदार, प्रेसिडेंट, सगळे विभागप्रमुख, आणि भोवती पांढऱ्या ॲप्रनमधल्या एकतीस मुली. चिकनचं सारण भरून भाजलेले 'पाय' आणि गरम बिस्किटं खऱ्या सात जणींनी पहाटेपासून खपून केली होती. बाकीच्या नुसत्या वाढत होत्या, तेही धड नाही. कोरानं एकाच्या कोटावर रस्सा सांडला. मिस ओटिसबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सकाळपासून कुणाच्या नजरेला नजर दिली नव्हती.

कमिटीचे अध्यक्ष अमोस क्रुल म्हणून एक म्हातारा शेतकरी होता. त्यानं दोनदा 'पाय' मागून घेतला, मिशा पुसल्या आणि कॉफी ओतणाऱ्या सिगनेकडे बघून म्हणाला, "काय गं पोरी, झकास आहे की हे! तुझ्या हातचं का?"

हॉलमधले सगळे कौतुकानं तिच्याकडे वळले. तिनं कॉफीचं भांडं टेबलावर ठेवलं.

"नाही, साहेब. मला यातलं काही येत नाही. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे."

प्रेसिडेंट पटकन हसले. "मिस हाल्वोर्सन आधी तिकडे होती. मग आवड बदलली, आली इकडे."

"मी बदलले नाही, सर. मला न विचारता बदललंत तुम्ही."

"सिगने!" ट्रेडवेल दबक्या आवाजात म्हणाले.

"काय भानगड आहे ही?" क्रुलनं विचारलं.

मग तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. यादी, चार मुली, खालच्या दोन खोल्या, कारखान्याचं पत्र. क्रुलनं खिशातून यादी काढून टेबलावर उलगडली. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचा कागद वाचावा तशी त्यानं ती बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचली.

"बरं," तो म्हणाला. "ज्या खरोखर स्वयंपाक शिकतात त्या टेबलाशी राहा. बाकीच्या त्या भिंतीशी जा."

कुणी हललं नाही. कोण हलणार? प्रेसिडेंट समोर बसले होते आणि प्रत्येकीची पदवी त्यांच्या हातात होती. सिगने एकटीच भिंतीपाशी जाऊन उभी राहिली, आणि तिला वाटलं, संपलं, आता हसतील आणि मला घरी पाठवतील. तेवढ्यात धाडकन आवाज झाला. कोरानं ट्रे आपटला होता.

"मी वनस्पतिशास्त्राची," कोरा म्हणाली, आणि रडतरडतच भिंतीकडे आली.

मग गणितवाल्या दोघी आल्या, मग लॅटिनवाल्या, मग रसायनशास्त्राच्या उरलेल्या तिघी, आणि बघता बघता टेबलाशी फक्त सात जणी राहिल्या. त्या हॉलमध्ये त्या इतक्या थोड्या दिसत होत्या की एका आमदाराला हसूच फुटलं.

"हसू नका!" मिस ओटिसबाई दारातून पुढे आल्या. "सातच आहेत. सात जणींसाठी मी एक मोठी शेगडी आणि पाण्याचा नळ मागतेय, आठ वर्षं झाली. बादल्यांनी पाणी वाहतात माझ्या मुली. एकतीस मी लिहिल्या नाहीत. मला शेगडी हवी होती हो, राजवाडा नको होता!"

प्रेसिडेंट खिडकीबाहेरचा बर्फ बघू लागले.

"तुमची शेगडी आणि नळ मी बघतो, बाई," क्रुल म्हणाला. "इमारतीचं मात्र सांगू नका मला कुणी आता." तो उठला. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी गोठ्याची वाट दाखवू लागलं. ट्रेडवेल भिंतीजवळून जाताना पुटपुटले, "शोभा केलीस आमची." झालं! म्हणजे आता सगळे वासरं बघायला जाणार, रात्री जेवताना या गमतीवर हसणार, आणि सोमवारी यादी होती तशी छापखान्यात जाणार.

सिगने दारात आडवी उभी राहिली.

"साहेब, माझं नाव अजून त्याच कागदावर आहे."

क्रुल थांबला. त्यानं हातातल्या कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "ही मुलगी कुणाच्या विभागाची?" त्यानं मागे वळून विचारलं.

"कारकुनाची चूक झाली असावी," ट्रेडवेल म्हणाले.

"खाली तुमची सही आहे, सर," सिगने म्हणाली.

ट्रेडवेलांचे कान लाल झाले. त्यांनी पेन काढलं, कागद दाराच्या चौकटीवर टेकवला, एक नाव खोडलं आणि समासात लिहिलं, सिगने हाल्वोर्सन, रसायनशास्त्र, चौथं वर्ष. खाली पुन्हा सही केली. कागद त्यांनी प्रेसिडेंटांच्या हातात दिला आणि प्रेसिडेंट तो घडी करून खिशात घालू लागले.

सिगने दारातून हलली नाही. तिनं भिंतीकडे हात केला.

"अजून तेवीस जणी उभ्या आहेत, सर."