शर्यतीच्या दिवशीचं डोकं

"गोळी घे की आता," मी म्हटलं.

मर्व फ्रिजच्या दाराला कपाळ टेकून फरशीवर बसला होता. "रक्त दिल्याशिवाय नाही, थेल्मा. डॉक्टरांना शब्द दिलाय."

समुद्राकाठच्या इस्पितळात अर्धशिशीवर संशोधन चाललं होतं. दुखण्याच्या वेळी रक्तातलं सेरोटोनिन नावाचं द्रव्य कमी होतं का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी ऐन दुखण्यातलं रक्त हवं, तेही गोळी पोटात जाण्याआधी. माझ्या नवऱ्याने सगळ्यांच्या आधी नाव दिलं.

पण मेल्या दुखण्याने दिवस निवडला तो मेलबर्नच्या घोड्यांच्या शर्यतीचा. त्या दिवशी आमच्या सिडनी बंदराच्या धक्क्यावर माल उचलणाऱ्या याऱ्यासुद्धा थांबतात आणि माणसं रेडिओला चिकटतात. अशा दिवशी आजारी पडणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? आमच्यात आईवरची शिवी एक वेळ चालते, 'कामचुकार' चालत नाही. मर्वला तीच चिकटली होती. खरं तर त्याच्याइतकी पोती धक्क्यावरच्या त्याच्या हमालांच्या टोळीत कुणी उचलत नसे.

इस्पितळात न्यायला गाडी होती एकट्या क्लॅरी डूलनकडे, आणि टोळीतलं सगळ्यात तिखट तोंडही त्याचंच. तो आला, पण मदतीपेक्षा खात्री करून घ्यायलाच जास्त.

"काय मर्व्या, कुठल्या घोड्याने लाथ घातली डोक्यात?"

मर्वने पुढच्या वळणावर गाडी थांबवायला लावली आणि गटाराशी बसून भडाभडा ओकला.  त्यानंतर क्लॅरी खड्डे चुकवत गाडी हळू चालवत राहिला.

मर्वचं रक्त घेतल्यावर डॉक्टरांनी क्लॅरीला विचारलं, तुलनेसाठी धडधाकट माणसाचंही रक्त लागतं, द्याल का? एवढा धिप्पाड गडी, पण सुई पाहून पांढराफटक पडला. तरी बाही वर केली. तेवढ्यात शर्यत होऊन गेली. कोण जिंकलं, हेही त्याने विचारलं नाही.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी बोलावलं. नंतर बरं असताना घेतलेल्या रक्ताच्या मानाने त्या दिवशी मर्वच्या रक्तातलं सेरोटोनिन जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. यातून औषध कधी निघेल ते सांगता येत नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण दुखणं मनाचं नव्हतं, ते रक्तात दिसत होतं. बाहेर आल्यावर मर्व रडला. मला मात्र असं वाटलं, की या माणसाचा हात धरून अख्ख्या धक्क्यावरून मिरवत जावं.

मिरवायचं काम क्लॅरीनेच केलं. "माझ्या रक्ताशी ताडून पाहिलंय," तो सगळ्यांना सांगत सुटला. "निम्मं होतं त्याचं. आता कुणी कामचुकार म्हणालं तर गाठ माझ्याशी आहे."

पुढच्या वर्षी शर्यतीच्या दिवशी मर्वला कामावरच दुखणं उपटलं. निरोप आला तशी मी त्याला आणायला धावले. तो शेडच्या कोपऱ्यात पोत्यांवर पडला होता, डोळ्यांवर कोट. पलीकडे सगळी टोळी रेडिओवर वाकून उभी होती, आणि रेडिओचा आवाज इतका बारीक की मला दारातून ऐकूही येईना. शर्यत संपली. कुणी ओरडलं नाही. क्लॅरीचा घोडा जिंकला होता. दोन्ही हातांनी टोपी तोंडावर घट्ट दाबून तो जागच्या जागी नाचत होता.