‘चालू’ म्हणजे पुरे

मित्रांनो, चाकणजवळ कुरुळीत पत्र्याच्या एका गाळ्यात मी उभा आहे. मी तीस टनांचा जुना पॉवर प्रेस. साच्यावर लोखंडी पट्टी ठेवायची, पायाने पायडल दाबायचे, की माझा जड ठोकळा खाली येतो आणि पट्टीला आकार देतो. एवढेच माझे काम. पण ते करताना माझ्या हातून एक पाप घडले आहे, ते आधी सांगतो.

माझे ओतकाम भोसरीतले. तिथून मी एका कारखान्यात गेलो आणि गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवू लागलो. एका शिफ्टला दोन हजार नग! खंडेनवमीला मला झेंडूची माळ घालत, मालक पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणत. तेव्हा माझ्या तोंडाशी जाळी होती, हात आत जाऊ नये म्हणून. जाळीने काम हळू होते, म्हणून मालकांनी एक दिवस ती काढून टाकली. आठवड्याभरात माझ्यावर काम करणाऱ्या शालनबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटे माझ्याखाली गेली. पायडल त्यांच्याच पायाने दाबले गेले, असे म्हणून सगळे मोकळे झाले. पुढे मी भंगारात गेलो. दोन पावसाळे उघड्यावर गंजत पडलो. मला कोणी हात लावत नव्हते, आणि खरे सांगतो, तेच मला बरे वाटत होते.

मग तेजस्विनी आली. काळेवाडीची इंजिनिअर, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढलेली.

“असाच जुना पाहिजे मला,” ती भंगारवाल्याला म्हणाली. “नव्या मशिनला सेन्सर येतोच. बोटं जातात ती असल्यांवर.”

जुन्या प्रेसपुढे उजेडाचा अदृश्य पडदा उभारायचा, त्यात हात आला की प्रेस जागीच थांबला पाहिजे, असे यंत्र तिला बनवायचे होते. तिची कंपनी म्हणजे चार माणसे. करीमनगरचा यादगिरी सेन्सर आणि वायरिंग पाही. आसामातल्या जोरहाटची जोनाली प्रोग्राम लिही. आणि मला चालवायला तेजस्विनीने शोधून आणले ते शालनबाईंना. मला पाहून त्या दारातच थबकल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, “ह्याला वळण लावायचं आसंल तर मी हाय.”

गाळ्यात मराठी, हिंदी, इंग्रजी अशी खिचडी भाषा चाले. डब्यातल्या पदार्थांची नावे एकमेकांना येत नसत, पण डबे रिकामे होत.

वर्षभराने एका मोठ्या कंपनीची माणसे शनिवारी यंत्र पाहायला येणार होती. त्याआधी गुरुवारी दुपारी यादगिरी सेन्सरची पट्टी सरळ करत होता. त्यासाठी सेन्सर बंद ठेवला होता. शालनबाई बटण दाबून मला इंचाइंचाने खाली आणत होत्या. तेवढ्यात यादगिरीचा पाना साच्यात पडला. त्याने तो उचलायला हात आत घातला, वर पाहिले आणि ओरडला, “चालु! चालु!”

शालनबाईंनी बटण आणखी दाबून धरले. मी खाली येत होतो. मला थांबता येत नव्हते.

जोनालीने खुर्ची उलथून धाव घेतली आणि लाल बटणावर मूठ आपटली. यादगिरीच्या हातापासून मी बोटभर अंतरावर थांबलो.

“त्यो चालू म्हनला!” शालनबाई ओरडल्या. “म्हनून मी चालूच ठिवलं!”

“आमच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे,” यादगिरी कसाबसा म्हणाला. “बस, थांबा.”

शालनबाईंनी ॲप्रन काढून ठेवला. “माझं झालं ते झालं. पन माझ्या हातनं दुसऱ्याचं? मी न्हाई येत उद्यापासनं.” आणि त्या निघून गेल्या.

तेजस्विनीने त्याच दुपारी मोठ्या कंपनीला फोन लावला. “शनिवारी दाखवता येणार नाही. आमच्याच गाळ्यात आज एक हात जाता जाता राहिला. दोन आठवडे द्या.” पलीकडचे साहेब म्हणाले, तोवर आम्ही दुसरीकडे बघू. “बघा,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ माझ्या अंगाला टेकून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादगिरी दुचाकीवरून शालनबाईंच्या घरी गेला. तिथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. परतला तेव्हा मागच्या सीटवर शालनबाई होत्या. “अक्का आली,” एवढेच तो म्हणाला. हा शब्द मात्र कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

जोनालीने सुचवले, भिंतीवर शब्दांची यादी लावू. थांबा म्हणजे काय, सोडा म्हणजे काय, सगळ्यांच्या भाषांत.

“आन् घाबरल्यावर भिंत कोन वाचनार?” शालनबाई म्हणाल्या. “घाबरलं की मानूस आईची भाषा बोलतंय. ज्याचा हात आत, चावी त्याच्या खिशात. चावी न्हाई तर मशिन हालता कामा नये.”

तेजस्विनी लगेच म्हणाली, “यादगिरी, उघड पॅनेल.”

अकरा दिवस ते चौघे माझ्याशी झटले. चावी काढली की माझी वीज तुटे, ठोकळ्याला खालून अडसर बसे, आणि कोणी कोणत्याही भाषेत ओरडले तरी मी हलत नसे. मोठ्या कंपनीने काम दुसऱ्यांना दिले. तेजस्विनी मोटारसायकलवर यंत्राची पेटी बांधून छोटे कारखाने फिरू लागली. सतरा ठिकाणी नकार मिळाला. अठरावे मालक गोरक्षभाऊ माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

“नग किती कमी निघतील ताई?”

“शिफ्टला शंभरेक,” तेजस्विनीने खरे ते सांगितले.

गोरक्षभाऊंसोबत आलेली कस्तुरा त्यांच्याच प्रेसवर काम करणारी. तिने पुढे होऊन चावी फिरवली, काढली, मुठीत धरली. “भाऊ, ही घ्याच,” ती म्हणाली. त्यांनी सहा प्रेससाठी सहा यंत्रे सांगितली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना डोळे नसतात. समोर पत्रा आहे की हात, आम्हाला कळत नाही. ते तुम्हालाच पाहावे लागते. तुमच्या घरचे कोणी प्रेसवर कामाला असेल, तर आज जेवताना एवढेच विचारा: तुमच्या मशिनची जाळी जागेवर आहे का?