तेराचा आकडा

हिंटरआउ गावात लोक पाद्र्याशी वाद घालतील, डॉक्टरशी हुज्जत घालतील, पण बाइंडिंगच्या बाबतीत स्कीदुरुस्ती करणाऱ्या वेंडेलिनपुढे चकार शब्द काढणार नाहीत. बाइंडिंग म्हणजे बुटाला स्कीवर धरून ठेवणारी आणि माणूस पडला की त्याला सोडून देणारी पकड. ती किती जोर लागल्यावर सुटावी, याचा आकडा तिच्यावरच्या स्क्रूनं ठरतो. आकडा कमी ठेवला तर ती नको तिथे सुटते, आणि जास्त ठेवला तर हवी तेव्हा सुटत नाही. मग स्की एकीकडे फिरते, तिच्याबरोबर पाय फिरतो, आणि गुडघा मात्र जागचा हलायला तयार नसतो. शास्त्र एवढंच आहे. एवढ्यापायी वेंडेलिनच्या डोक्यावरचे केस गेले होते.

थंडीत येणाऱ्या पाहुण्यांना तो चांगला ओळखून होता. बायका वजन कमी सांगत, पुरुष कौशल्य वाढवून सांगत, आणि वेंडेलिन दोघांच्या पोटाकडे एक नजर टाकून आपल्याला हवा तोच आकडा लावत असे. एक नियम मात्र त्यानं कधी मोडला नव्हता. बाइंडिंग लावून झालं की तो त्यात बूट अडकवायचा, तपासणीच्या यंत्राच्या दांड्यानं तो सुटेपर्यंत पीळ द्यायचा, आणि यंत्र जे दाखवील ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा. बाइंडिंगवरच्या बारक्या खिडकीत दिसणारा आकडा खोटा बोलू शकतो, यंत्र बोलत नाही, हे तो येताजाता ऐकवायचा.

त्याची मुलगी आफ्रा फेब्रुवारीत एके दुपारी वर्कशॉपात आली तेव्हा तिच्या हातात जुनी, वजनदार, धातूची बाइंडिंगं होती. आता तशी बनत नाहीत. कड्यांवरून उड्या मारत उतरणारी तिच्या जातीची माणसं त्यांच्यावर जीव टाकतात. निवृत्त झालेल्या कुणा स्कीबाजाकडून ती तिनं मिळवली होती आणि खेळणं मिळालेल्या पोरासारखी खूष होती. मागच्या स्पर्धेत उडीनंतर टेकताच तिची एक स्की सुटली होती. खांदा सोलवटला होता आणि गुण बुडाले होते. आता वोल्फेनवांड या उभ्या डोंगरावरची स्पर्धा उरली होती. तिथे वरचा क्रमांक आला तरच पुढच्या वर्षी मोठ्या मंडळींत जागा, नाहीतर सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा लहान पोरांना उतारावर वळायला शिकवणं नशिबी होतं.

"तेरा लाव," ती म्हणाली.

"तुझ्या वजनाला तक्ता सात सांगतो."

"तक्ता रविवारी स्की करणाऱ्या दंतवैद्यांसाठी असतो."

"दंतवैद्यांचे गुडघे शाबूत असतात, बाई."

"मागच्या वेळी तू नऊ लावलंस, बाबा. स्की माझ्या आधी खाली पोचली. त्या जागी खाली कडा असता तर आज तू कुणाशी भांडला असतास?"

वेंडेलिनचा डावा पाय तारुण्यात असाच न सुटलेल्या स्कीनं मोडला होता, आणि अजून जिना उतरताना तो कठड्याला धरायचा. मोडताना झालेला आवाज त्याला आठवत होता. आफ्राच्या पायातून तो आवाज आला तर तो आपल्या हातच्या स्क्रूमुळे येईल, हेही त्याला कळत होतं. तरी त्यानं बाइंडिंगं नव्या स्कींवर बसवली, खिडकीत तेरा येईपर्यंत स्क्रू फिरवला आणि बूट अडकवून यंत्राला पीळ दिला.

यंत्रानं नऊ दाखवले.

त्यानं पुन्हा करून पाहिलं, दुसऱ्या स्कीवरही पाहिलं. नऊच. आतल्या स्प्रिंगा म्हाताऱ्या होऊन ढिल्या पडल्या होत्या. दुसरं कुणी असतं तर वेंडेलिननं ती बाइंडिंगं तिथल्या तिथे भंगारात टाकायला लावली असती. आफ्रा दाराशी पाठमोरी उभी राहून फोनवर कुणाला तरी हसत काही सांगत होती. तिच्या काटकुळ्या पायांकडे त्यानं पाहिलं. चला, तो मनाशी म्हणाला, तिचं समाधान होतंय आणि गुडघाही वाचतोय. उडीत स्की सुटली तर आपटेल, रडेल, मला शिव्या देईल. देऊ दे.

"झालं," तो म्हणाला. "बघ, तेरा."

खिडकीत तेरा होते, म्हणजे तसा तो खोटं बोलला नव्हता. आफ्रानं वाकून पाहिलं आणि त्याच्या टकलावर ओठ टेकले. "शेवटी अक्कल आली म्हाताऱ्याला," ती म्हणाली. त्या रात्री तो पोटभर जेवला, आणि पुढचे काही दिवस त्याला झोपही छान लागली.

स्पर्धेच्या सकाळी वोल्फेनवांडच्या पायथ्याशी निम्मं गाव जमलं होतं. कुणी चहात रम ओतत होतं, कुणी दुर्बिणी पुसत होतं. जखमींना न्यायचं हेलिकॉप्टर एका बाजूला उभं होतं. ते पाहायचं नाही असं वेंडेलिननं ठरवलं होतं. आफ्रा उजव्या धारेवरून उतरणार हे त्यानं धरून ठेवलं होतं, कारण दरवर्षी सगळे शहाणे तिथूनच उतरतात. धारेवर पडलं तर माणूस मऊ बर्फात लोळत खाली येतं, हसत उठतं. वर चढायला निघण्याआधी आफ्रानं त्याला जवळ ओढलं आणि काठीनं आपली वाट दाखवली.

ती धारेवर नव्हतीच. डावीकडच्या खडकावरून उडी होती, तिच्याखाली बर्फाची एक अरुंद पट्टी तिरकी गेली होती, आणि पट्टीच्या खाली नुसता काळा खडक. चर्चच्या मनोऱ्याएवढा तरी असेल.

"इथून आजवर कुणी मुलगी गेली नाही," ती म्हणाली. "पट्टीवर स्कीच्या कडेनं रेटायला लागेल, पण आता स्की सुटणार नाही ना. तुझ्या तेरावर भरवसा आहे."

इतके दिवस ज्या नवाच्या जोरावर वेंडेलिन सुखानं झोपला होता, तेच नऊ त्या पट्टीवर तिचा जीव घेणार होते. तिथे गुडघ्याचं काय घेऊन बसलात? तिथे स्की सुटली तर खाली गुडघा शोधायलाही कुणी जाणार नव्हतं. गप्प बसावं आणि ती खडकावरून कोसळावी, की बोलावं आणि तिनं आयुष्यभर तोंड फिरवावं? ती वळून चालायला लागली तेव्हा त्यानं तिच्या पाठीवरच्या स्कींना धरून तिला थांबवलं.

"ते तेरा नाहीत," तो म्हणाला. "यंत्रावर नऊ आहेत. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

आफ्रानं पाठीवरून स्की उतरवून त्याच्यापुढे बर्फावर ठेवल्या.

"फिरव मग. आत्ता, माझ्यासमोर."

वेंडेलिन गुडघ्यावर बसला. स्क्रू ड्रायव्हर त्याच्या खिशात कायमच असे. पण यंत्र गावात होतं, आणि त्या थकलेल्या स्प्रिंगेचा काय भरवसा? अर्ध्या फेऱ्यानं तेरा होतील, अठरा होतील, की स्प्रिंग तुटूनच जाईल, हे जगात कुणालाच सांगता आलं नसतं. जास्त झालं तर धारेवरही तिचा पाय राहणार नाही. त्यानं स्क्रूच्या खाचेत टोक बसवलं, आणि त्याचा हात उजवीकडेही वळेना, डावीकडेही वळेना. चाळीस वर्षं गावाचे स्क्रू फिरवणारा तो हात खाचेतच अडून राहिला, आणि पोर ते बघत होती.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली. तिनं स्की उचलल्या आणि ती चढायला लागली.

धारेवरून जा, असं तो ओरडला. तिनं मागे पाहिलं नाही.

तिचं नाव पुकारलं तेव्हा वेंडेलिननं दुर्बीण डोळ्यांना लावली, काढली, पुन्हा लावली. ती डावीकडेच आली. देवा, हिचा बाप मीच, तो पुटपुटला. खडकाच्या टोकाशी ती थांबली. आफ्रा टोकाशी थांबते असं कधी झालं नव्हतं. मग तिनं स्की उताराला आडव्या धरल्या आणि ती त्यांच्या कडेनं, वीतवीतभर घसरत, बाजूच्या घळीतून खाली उतरू लागली, अगदी त्याच्या दुकानात येणाऱ्या त्या दंतवैद्यांसारखी. कुणीतरी शिट्टी मारली. पट्टीच्या जवळही ती गेली नाही. आडवं, तिरकं, थांबत थांबत ती सगळा डोंगर उतरली.

ती धडधाकट खाली पोचली. वेंडेलिनला इतका आनंद झाला की त्याला आपलीच लाज वाटली. तो लंगडत पुढे गेला आणि तिला मिठी मारायला हात पसरले. ती मिठीत आली नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मी आजवर उतरताना कधी पायांकडे बघितलं नव्हतं," ती म्हणाली. "आज दुसरं काहीच बघितलं नाही. तुझी भीती तू माझ्या पायात बसवून दिलीस."

तू जिवंत आहेस, एवढंच त्याच्या मनात येत होतं, आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

आठवड्यानंतर बायकोनं जेवताना सांगितलं की आफ्रानं शिकवायचं काम घेतलं नाही. पलीकडच्या खोऱ्यात अजून एक स्पर्धा आहे म्हणे, त्याहून उभ्या भिंतीवर. सोमवारी सकाळी वेंडेलिननं वर्कशॉपचा दरवाजा उघडला तर आफ्रा खांद्यावर स्की घेऊन रस्त्यानं येताना दिसली. नवी बाइंडिंगं होती. तो लगबगीनं आत गेला, बाकावरची धूळ पुसली आणि यंत्रावरचं फडकं काढलं. यंत्र सांगेल ते सांगायचं, एक अक्षर कमी नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

ती दारावरून पुढे गेली. खालच्या वस्तीत एगिडचं दुकान आहे. तो सायकली दुरुस्त करतो आणि थंडीत जमेल तशा स्कीही. गिऱ्हाईक म्हणेल तो आकडा तो लावतो, उलट विचारत नाही.

तिनं तिथे कितीचा आकडा सांगितला, ते वेंडेलिनला शेवटपर्यंत कळलं नाही.